पोस्टरवर एक, रिंगमध्ये दुसराच

(हा ताज्या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, खोकलो तेवढं काढलंय. बाकी जसंच्या तसं.)

इअरफोन नीट बसवा, आज सुरुवात एका सिनेमाने करायचीय.

१९५० चा सिनेमा आहे, ‘नाइट अँड द सिटी’. ब्लॅक अँड व्हाइट, लंडनमध्ये शूट केलेला. मी तो फोनवर बघितला, एसटीत, अर्धा जाताना आणि अर्धा येताना. त्यात एक म्हातारा पैलवान आहे, ग्रेगोरियस. सत्तरीच्या घरातला, मान म्हणजे लाकडाचा ओंडका, कान चेचलेले. मला वाटलं, ॲक्टर काय जबरदस्त शोधलाय यांनी. शेवटी नावं वर सरकायला लागली आणि मी सीटवर ताठच झालो. स्टॅनिस्लॉस झिबिस्को.

आता तुमच्यातल्या काहींना हे नाव माहीत असेल, बऱ्याच जणांना नसेल. माझ्यासाठी ते घरातलं नाव आहे. माझे आजोबा कागल तालुक्यातले. जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं. आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग इनामाच्या, शेवटी एक नंबरची. आजोबा कडेला बसून एकच काम करायचे. जोड लागली की दोन मिनिटं बघायची आणि शेजारच्याला सांगायचं, “नुरा हाय.” नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती. एकदा नुरा म्हटलं की ते मैदानाकडे पाठ करून बसायचे. खरोखरची पाठ! आणि मग खरी कुस्ती कशी असते ते सांगायला लागले, की गाडी गामावर जायची आणि गामावरून झिबिस्कोवर.

तर तो झिबिस्को, गामासमोर उभा राहिलेला, चाळीस वर्षांनी लंडनच्या एका सिनेमात. आणि सिनेमा कशावर? कुस्ती भरवणाऱ्या एका फुटकळ, लबाड माणसावर. हॅरी फेबियन त्याचं नाव. खिशात दमडी नाही आणि स्वप्न काय, तर लंडनच्या कुस्तीचा राजा व्हायचं. तिथून मी ब्रिटिश कुस्तीच्या प्रमोटर मंडळींच्या मागे लागलो आणि दोन महिने त्यातच गेले. आजचा भाग त्यांच्यावर.

आधी झिबिस्कोचा हिशोब मिटवून टाकू. १० सप्टेंबर १९१०, लंडन, शेपर्ड्स बुशचं व्हाइट सिटी स्टेडियम. समोर गामा. झिबिस्कोने काय केलं, तर मॅटवर पालथा पडला आणि तसाच राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ! वजनदार माणूस, उलथता उलथेना. अंधार पडायला लागला, कुस्ती बरोबरीत. पुन्हा १७ तारीख ठरली, तर पठ्ठ्या आलाच नाही. ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ मध्ये पतियाळात दोघं परत भिडले आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केलं. आजोबा इथे मांडीवर थाप मारायचे.

पण मला आत्ता कळलेली गंमत पट्ट्याची आहे. ‘जॉन बुल’ हे एक साप्ताहिक होतं आणि त्याचा मालक होता होरेशिओ बॉटमली. खासदार, जोरदार वक्ता आणि इंग्लंडच्या इतिहासातला एक नामांकित ठग. युद्धानंतर त्याने साध्या लोकांचे पैसे रोख्यांच्या योजनेत गोळा केले आणि गिळले. १९२२ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे गामाची कुस्ती शंभर नंबरी खरी, आणि कमरेला बांधलेला पट्टा एका भामट्याच्या दुकानातला.

हे मिश्रण तेव्हापासूनच आहे. त्या काळात लंडनला कुस्ती म्युझिक हॉलमध्ये चालायची. गाणं, नाच, जादूचे खेळ आणि मधेच कुस्ती. जॉर्ज हॅकेनश्मिट नावाचा खरा ताकदवान गडी होता. १९०४ मध्ये ऑलिंपिया हॉलमध्ये त्याने ‘टेरिबल टर्क’ मद्राली याला एका मिनिटाच्या आत लोळवलं आणि त्यात मद्रालीचा हात निखळला. खरी कुस्ती अशीच असते, पापणी लवली की संपली. पण तिकीट काढून आलेल्याला ती परवडत नाही ना! हॅकेनश्मिटचा कारभार बघायचा सी. बी. कॉक्रन, मूळचा नाटकवाला. त्याने याला समजावलं की बाबा, जरा लांबव, जरा खेळव, लोकांना श्वास रोखायला वेळ दे. नुरा कुस्तीचं बी इथे पडलं असं माझं मत आहे. यात बदमाशी होती का? मला तरी पूर्ण बदमाशी वाटत नाही. कारण खरं सांगा, अडीच तास पालथा पडलेला माणूस बघायला तुम्ही किती वेळा पैसे द्याल?

आता खालच्या थराला येऊ, जत्रेत. ब्रिटनमध्ये जत्रांतून कुस्तीचे, बॉक्सिंगचे तंबू फिरायचे. बाहेर एक फळ्यांचा मंच, त्यावर चार-पाच गडी छाती फुगवून उभे, आणि मालक ओरडतोय की आमच्या गड्यासमोर ठरलेल्या फेऱ्या टिकून दाखवा, बक्षीस न्या. गर्दीतून एक तरुण पुढे येतो, कामाच्या कपड्यांत, जरा लाजत. गावकऱ्यांना चेव चढतो, आपला पोरगा आहे! तिकिटं फटाफट जातात. पोरगा आत मार खातो, कसाबसा टिकतो, रक्तबंबाळ तोंडाने हसतो. लोक खूश होऊन रिंगमध्ये नाणी फेकतात, आपल्याकडे तमाशात दौलतजादा करतात तशी. आणि तंबूच्या मागे तो पोरगा आणि पैलवान ती नाणी वाटून घेतात. कारण पोरगा गावचा नव्हताच. तो तंबूचाच माणूस, गर्दीत पेरलेला. पुढच्या जत्रेत तोच पोरगा वेगळी टोपी घालून पुन्हा लाजणार. या पेरलेल्या माणसाला त्या धंद्यात ‘गी’ म्हणायचे.

मला हा माणूस फार आवडतो. टोपी त्याने लोकांना घातली हे खरं, पण मार खोटा नव्हता.

तिथून मोठी उडी १९३० मध्ये. डिसेंबर महिन्यात लंडन आणि मँचेस्टर दोन्हीकडे ‘ऑल-इन’ कुस्ती सुरू झाली. ऑल-इन म्हणजे सगळं चालतं. आणणाऱ्यांत एक होता सर अॅथोल ओकली, चक्क उमराव घराण्यातला, स्वतः पैलवान. शेवटपर्यंत सांगत राहिला की आमच्या कुस्त्या खऱ्या होत्या. पण हा खेळ इतका चालला, की जो उठेल तो प्रमोटर झाला. भाड्याने हॉल, चार दोऱ्या, दोन बेकार गडी, झालं. चिखलातल्या कुस्त्या निघाल्या, खुर्च्या फेकाफेकी निघाली. शेवटी दशक संपता संपता लंडनच्या कौन्सिलने बंदीच घातली.

युद्धानंतर हा धंदा धुवून-पुसून काढायचं ठरलं. १९४७ मध्ये एक कमिटी बसली आणि अध्यक्ष कोण, तर अॅडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स. हा माणूस कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेतला दुसऱ्या नंबरचा अधिकारी. त्याच्या नावाने नियम आले: वजनगट, फेऱ्या, काय चालेल, काय नाही. ठरवून खेळायच्या कुस्तीला अॅडमिरलचं सर्टिफिकेट! अशी भारी पावडर कुणी कुणाच्या तोंडाला लावली नसेल.

आणि १९५२ मध्ये मुख्य घटना. मोठे प्रमोटर एकत्र आले आणि ‘जॉइंट प्रमोशन्स’ नावाची युती केली. इलाखे वाटून घेतले. चँपियन कोण ते हेच ठरवणार. गावोगावचे टाउन हॉल, कॉर्न एक्स्चेंज यांच्याशी यांचे आधीच करार, त्यामुळे दुसऱ्याला तारीख मिळायची मारामार. हिवाळ्यात पोहण्याच्या तलावांवर फळ्या टाकून हॉल करायचे, तेही यांचेच. ९ नोव्हेंबर १९५५ ला टीव्हीवर पहिल्यांदा कुस्ती दिसली ती अशाच ठिकाणाहून, वेस्ट हॅम बाथ्समधून. टीव्ही आल्यावर तर विषयच संपला. दर शनिवारी दुपारी अख्खा देश कुस्ती बघतोय आणि त्यातला प्रत्येक गडी यांच्या यादीतला.

यादीबाहेर जो कुणी कुस्ती भरवेल त्याला हे लोक म्हणायचे ‘अपोझिशन’. विरोधी पक्ष! आणि एखादा पैलवान अपोझिशनकडे एक रात्र जरी खेळला, तरी त्याचं नाव कायमचं कापलं जायचं. ना टीव्ही, ना मोठे हॉल.

आता सिनेमाकडे परत या एक मिनिट. त्यात क्रिस्टो नावाचा माणूस आहे. उंची कोट, शांत आवाज, लंडनची सगळी कुस्ती त्याच्या मुठीत. हॅरी फेबियनला त्याची मूठ फोडायचीय, म्हणून तो क्रिस्टोच्या बापालाच, या म्हाताऱ्या ग्रेगोरियसला फूस लावतो. बाप जुन्या, खऱ्या ग्रीको-रोमन कुस्तीचा भक्त, पोराच्या सर्कशीवर थुंकणारा. बघा, हा सिनेमा जॉइंट प्रमोशन्सच्या दोन वर्षं आधीचा आहे. आणि ज्याने तो काढला तो जूल्स डासिन स्वतः हॉलिवूडच्या काळ्या यादीत चालला होता. यादीबाहेर पडणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

खऱ्या आयुष्यातले हॅरी फेबियन कसे होते? त्यांच्या करामती ऐका. पोस्टरवर टीव्हीवरच्या नामांकित गड्याचं नाव, रात्री घोषणा की गाडी बंद पडल्यामुळे ते येऊ शकत नाहीत. पैसे परत? छे! किंवा नाव असं की दोन अक्षरांचा फरक, घाईत वाचणारा फसलाच पाहिजे. सगळ्यात सोपा माल म्हणजे मास्क घातलेला पैलवान. मास्कमागे कोण, हे कुणाला कळणार? त्यामुळे एखादा बुरखेधारी गाजला की महिन्याभरात त्याचे जुळे भाऊ वेगवेगळ्या गावांत खेळायला लागायचे. आणि पैसे कमी असले की एकच गडी पहिल्या कुस्तीत उघड्या तोंडाने आणि चौथ्या कुस्तीत मास्क घालून. दोन कुस्त्या, पाकीट एकच.

ते पाकीटही मिळालं तर. “आज गल्ला कमी जमला, पुढच्या वेळी बघू.” हे वाक्य मराठीत कसं वाटतं सांगा. मी एकेकाळी एका संस्थेसाठी कार्यक्रमांचं निवेदन करायचो, मला ते पाठ आहे. मागच्या दाराशी उभं राहायचं, आयोजक समोरच्या दाराने गेलेला असतो.

म्हणजे लबाड होते, वादच नाही. पण याच लबाडांच्या रांगेत एक माणूस असा आहे की माझं मत जरा हललं. पॉल लिंकन, ऑस्ट्रेलियाहून आलेला पैलवान. लंडनच्या सोहो भागात ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर एक जागा होती, तिचे आधीचे मालक इराणी आडनावाचे भाऊ, म्हणून जागेचं नाव ‘टू आइज’. दोन ‘आय’, दोन इराणी. मुंबईच्या इराण्यांशी याचा काही संबंध आहे का ते मला माहीत नाही, पण ऐकून बरं वाटलं. १९५६ मध्ये लिंकनने आणि त्याचा जोडीदार रे हंटरने तिथे कॉफी बार चालवायला घेतला. तळघरात पोरं गिटार घेऊन गायची. ब्रिटनचं रॉक अँड रोल त्या तळघरातून वर आलं, टॉमी स्टील तिथलाच.

आणि वर कॉफी विकणारा लिंकन रात्री मास्क घालून ‘डॉक्टर डेथ’ व्हायचा. स्वतःच प्रमोटर, स्वतःच खलनायक. जॉइंटने ज्यांना दार बंद केलं किंवा जे तिथल्या पगाराला कंटाळले, ते त्याच्याकडे आले. बर्ट असिराटीसारखा माजी हेवीवेट चँपियन अपोझिशनकडे होता. असिराटी म्हणजे ठरवलेल्या कुस्तीतही समोरच्याला खरोखर दुखवणारा, त्याच्याशी खेळायला लोक घाबरायचे. युतीबाहेर टाकल्यावर गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता. दुसऱ्या कुणाला चँपियन म्हणून मिरवलं की हा त्या कार्यक्रमाला जाऊन आव्हान द्यायचा. मला हे चित्र फार आवडतं. रिंगमध्ये ठरवलेला चँपियन आणि खाली खुर्चीवर खरा, हाताची घडी घालून.

त्याच कॉफी बारच्या दारावर एक धिप्पाड बाउन्सर होता. लिंकन त्याला अधूनमधून कुस्तीला उभा करायचा, नाव ‘काउंट ब्रूनो अलासिओ ऑफ मिलान’. मिलान कसलं, लंडनचाच पोरगा. त्याचं खरं नाव पीटर ग्रँट. हो, तोच! पुढे लेड झेपलिनचा मॅनेजर. या ग्रँटने नंतर अमेरिकेतल्या कॉन्सर्टच्या प्रमोटरांना सांगितलं की गल्ल्यातले ९० टक्के माझ्या बँडचे, १० तुमचे, पटलं तर बघा. तोवर असं कुणी मागितलंही नव्हतं. खोटा काउंट बनून रिंगमध्ये पडलेल्या माणसाला गल्ला कसा मोजतात आणि कोण कुठे हात मारतं हे कळलेलं असणारच, असं मी आपलं धरून चाललोय.

लिंकनचं काय झालं? साठच्या दशकाच्या मध्यात तो जॉइंटमध्येच सामील झाला. विरोधी पक्ष सरकारात गेला! धंदा म्हणून शहाणपणाचं असेल, पण पैलवानाच्या बाजूने बघा. परवापर्यंत दोन दारं होती, आता एक.

इथे मला आजोबांशी भांडावंसं वाटतं. त्यांच्या मते नुरा म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक, संपला विषय. पण ब्रिटनमधल्या प्रेक्षकाला बहुतेक माहीतच होतं. आज्या हातातली पर्स घेऊन खलनायकाला मारायला धावायच्या आणि मजेत घरी जायच्या. फुटकळ प्रमोटरने त्यांना एका तिकिटाचा चुना लावला, फार तर. वीस वर्षं दररात्री पाठीवर आपटणाऱ्या माणसाला “हेच घे, नाहीतर कुठे जाशील?” असं म्हणायची ताकद त्या फुटकळाकडे नव्हती. ती युतीकडे होती, अॅडमिरलचे नियम भिंतीवर लावून. आणि ते सगळं कायदेशीर होतं.

जॅकी पॅलो हा टीव्हीवरचा मोठा स्टार. १९६३ मध्ये एफए कपच्या फायनलच्या दिवशी, फुटबॉलच्या आधी त्याची आणि मिक मॅकमॅनसची कुस्ती दाखवली, एवढा मोठा. सत्तरच्या दशकात तो युती सोडून स्वतः प्रमोटर झाला. टीव्ही आपल्याला घेईल अशी त्याची आशा होती, ती फोल ठरली. १९८५ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, ‘यू ग्रंट, आय विल ग्रोन’, आणि सगळं ठरलेलं असतं हे छापून टाकलं. धंद्यातले लोक त्याच्यावर जाम भडकले.

आणि सगळेच छोटे प्रमोटर लबाड होते असंही नाही हं. ब्रायन डिक्सन हा आधी जिम ब्रेक्स नावाच्या पैलवानाचा फॅन क्लब चालवणारा पोरगा. १९७० मध्ये बर्कनहेडहून त्याने स्वतःच्या कुस्त्या सुरू केल्या आणि २०२३ मध्ये वारला तोवर तो त्यातच होता. त्याची बायको मिट्झी म्यूलर ही महिला चँपियन. बायकांच्या कुस्तीला टीव्हीवाल्या युतीने जागाच दिली नाही, लंडनमध्ये तर कौन्सिलची बंदी. त्या खेळल्या त्या अशाच छोट्या लोकांच्या रिंगमध्ये.

युतीचं पुढे काय झालं तेही ऐका. सत्तरच्या दशकात कारभार मॅक्स क्रॅबट्रीकडे आला आणि त्याने आपल्या भावाला, शर्ली क्रॅबट्रीला ‘बिग डॅडी’ म्हणून देशभर गाजवलं. प्रचंड वजनाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. पोट घेऊन समोरच्यावर पडायचं, खेळ खलास. २३ ऑगस्ट १९८७ ला ग्रेट यार्मथच्या हिप्पोड्रोममध्ये तो असाच मॅल कर्कवर पडला. ठरल्याप्रमाणे. कर्क उठला नाही. चौकशीत निघालं की त्याला आधीपासून हृदयाचा गंभीर आजार होता, क्रॅबट्रीचा दोष नाही. मला ते मान्य आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय की इतकी वर्षं याचं शरीर भाड्याने घेणाऱ्या धंद्यात, त्याच्या छातीला कान लावून बघणं नेमकं कुणाचं काम होतं?

डिसेंबर १९८८ मध्ये टीव्हीवरची कुस्ती बंद झाली. नंतर अमेरिकेची कुस्ती घरोघरी पोहोचली, तेव्हा ब्रिटनच्या छोट्या हॉलमध्ये ‘यूके अंडरटेकर’ फिरायला लागला. पोस्टरवर ‘अंडरटेकर’ ढळढळीत, ‘यूके’ बारीक. आपल्या ऑर्केस्ट्रात ज्युनिअर अमिताभ असायचा ना, तस्संच. लहान पोरं रडली असतील. पण त्या काळ्या कोटातल्या माणसालाही संध्याकाळचं पाकीट हवंच होतं.

सिनेमाचा शेवट अजून पाहिला नसेल तर इथे थांबा, कारण मी तो सांगणार आहे. हॅरी फेबियन मरतो. क्रिस्टोची माणसं त्याला संपवतात आणि थेम्समध्ये टाकतात. पण त्याआधी ती जिममधली कुस्ती आहे. ग्रेगोरियसला एक तरुण आडदांड गडी डिवचतो आणि दोघं तिथेच भिडतात. पोस्टर नाही, तिकीट नाही, घंटा नाही. बराच वेळ चालते, कॅमेरा हलत नाही फारसा, नुसते श्वास ऐकू येतात. म्हातारा जिंकतो आणि थोड्या वेळाने पोराच्या हातात मरतो.

मी तो सीन आजोबांच्या खुर्चीसमोर फोन ठेवून पुन्हा बघितला. खुर्ची रिकामी आहे, सहा वर्षं झाली. पण दोन मिनिटं झाली तरी मला “नुरा हाय” असं काही ऐकू आलं नाही.

चला, आज एवढंच. पुढच्या भागात आपल्याकडच्या खडूच्या कारखान्यात जाणार आहोत. भेटू.